पोरकं आमेन

रमाकांत धुरी चौकसभेत जे बोलला ते मिल्का झिराडकरने आपल्या गॅलरीत उभं राहून ऐकलं. सभा तिच्याच चाळीच्या तोंडाशी होती, लालबागच्या साटम चाळीच्या, आणि भोंगा तिच्याच खिडकीकडे तोंड करून बांधलेला. मुद्दामच! दुसरं काय?

"मिल्काताई आपलीच आहे," भाऊ म्हणाला. सगळा वॉर्ड त्याला भाऊच म्हणायचा. "तिचं काम कोण नाकारतंय? पण मंडळी, खरं ते खरं. तिचा भाऊ इस्रायलला, भावजय तिकडे, भाचरं तिकडे. तिच्या खाटेखाली बॅग भरून ठेवलेली आहे, बॅग! उद्या विमानात बसली की तुमच्या नळाला पाणी नाही म्हणून फोन कुठे लावणार? वॉर्डाला इथे जगणारं आणि इथेच मरणारं माणूस पाहिजे. माझी सून श्रेया कुठे जाणार आहे?"

लोक हसले. चांगले खदखदून हसले मेले. ज्यांच्या पोरांना मिल्काने बालवाडीत नाक पुसायला शिकवलं तेही हसले. मिल्काचे कान तापले. आणि मग राग आला. असा राग तिला बावन्न वर्षांत आला नव्हता. ह्या माणसाला मी सोडणार नाही, ती स्वतःशी म्हणाली. निवडणूक गेली खड्ड्यात, ह्याला सोडणार नाही.

कारण बॅग होती. खाटेखाली होती, भरलेली होती. आणि ते अख्ख्या मुंबईत एकाच माणसाला माहीत होतं. तिनेच त्याला सांगितलं होतं, रडत रडत.

आता मिल्का कोण आणि भाऊ कोण, हे आधी नीट सांगायला हवं. मिल्का बेने इस्रायल. अलिबागकडे ज्यांना शनवारतेली म्हणायचे त्यांच्यातली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून शनवारतेली. तिचा आजा झिराडहून गिरणीत आला. बाप सॅम्युएल साळखात्यात, विणकामाच्या साच्यांच्या खडखडाटात उभा राहून निम्मा बहिरा झाला. साटम चाळीत मालवणी घरांच्या गर्दीत हे एकच ज्यू घर. सणाला तिची आई चिकाचा हलवा थापायची आणि ताटल्या चाळभर जायच्या. शिमग्याला पुरणपोळ्या उलट वाटेने यायच्या. मिल्काची मालवणी तर अशी, की गावाहून आलेली माणसं विचारायची, तुमी खयचे, कणकवलीचे काय?

लग्न केलं नाही. बालवाडी चालवली. आणि एका निवडणुकीत वॉर्ड बायकांसाठी राखीव पडला तेव्हा भाऊने तिला बोलावलं. भाऊ म्हणजे गिरणी बंद पडल्यावर युनियनमधून पक्षात गेलेला, आवाजाचा दणकट, कपाळाला कायम अबीर. त्याला खुर्ची गरम ठेवायला एक बाई हवी होती. घरातली तेव्हा कोणी तयार नव्हती, श्रेया सून व्हायची होती. "मिल्काच कशाला?" पक्षातल्यांनी विचारलं, तर म्हणाला, "समाज पाठीशी असलेली बाई दोन वर्षांत डोक्यावर बसते. हिच्यामागे कोण? हिची आई. बसेल कुठे?" हे वाक्य मिल्काच्या कानावर यायला वेळ लागला नाही. शेजारच्या गंगुबाईच्या पोटात पाणी टिकतं, गोष्ट टिकत नाही.

मिल्काने ते वाक्य ऐकलं आणि गिळलं. निवडून आली. त्या भागातून तिच्या समाजाची बाई कधी निवडून गेलीच नव्हती, ती पहिली. पेपरवाले आले, फोटो काढून गेले. भाऊ फोटोत मधोमध.

पण पालिकेच्या सभागृहात बाई डोईजड निघाली. तिथे कामकाज कसं चालतं ठाऊक आहे ना? प्रस्तावांचा क्रमांक पुकारला जातो आणि बाकं ओरडतात, मंजूर, मंजूर. कोणी ऐकत नाही, ऐकायचं नसतं. मिल्का नवी. पहिल्याच महिन्यात तिने हात वर केला. "थांबा. मी ऐकलं नाही. पुन्हा वाचा." सगळे हसले. पुन्हा वाचलं तर काय, तिच्याच वॉर्डातलं पोरांचं मैदान गाड्यांच्या पार्किंगला द्यायचा विषय! ती उभी राहिली ती खाली बसेचना. मैदान वाचलं. भाऊचं तोंड त्या दिवशी कडू झालं होतं, कारण पार्किंगवाला त्याचा साडू. तरी हार घालायला तोच पुढे.

हे ऐकण्याचं खूळ तिच्या बापाचं. सॅम्युएल बहिरा, म्हणून सिनेगॉगमध्ये हाताचा पंखा कानाशी धरून बसायचा. प्रार्थना संपली की सगळे आमेन म्हणत, हा मागे राहायचा. बाजूच्याला विचारायचा, काय म्हणाले? कळलं की मग म्हणायचा, एकटाच, मोठ्याने. लहानपणी मिल्काला लाज वाटायची. तेव्हा तो सांगायचा, "पोरी, न ऐकता म्हटलेलं आमेन पोरकं असतं. त्याला आईबाप नसतात. मग ते कुणाच्या दारात जाऊन उभं राहील, सांगता येत नाही. आधी ऐक, मग हो म्हण."

तर ती ऐकत गेली आणि वाढत गेली. पुढच्या निवडणुकीला वॉर्ड पुन्हा बायकांचा पडला तेव्हा तिला बदलायची भाऊची हिंमत नव्हती. उलट त्याने केलं काय? साटम चाळीच्या चौकात वेतोबाची घुमटी आहे. गिरणीत आलेल्या पहिल्या माणसांनी गावाकडून आणलेला देव. रात्री फेरी मारतो म्हणून त्याला मोठ्या चामडी चपला वाहतात. खोटं बोलणाऱ्याला सोडत नाही म्हणतात. मतदानाच्या आधी सगळ्या पक्षांचे उमेदवार त्याच्या पायरीवर येऊन गाऱ्हाणं घालतात. देवाला मोठ्याने सांगायचं, काय हवं, काय नको. आणि दर वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, होय महाराजा! आधी आनंदा घाडी, म्हणजे घाडीमामा, सुरुवात करतात. त्यांच्या घराण्याचा मान. मग ज्याने त्याने आपलं सांगायचं. बाई उमेदवार असली तर तिच्या वतीने पुरुष बोलणार. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणे. तर त्या वर्षी भाऊ मिल्काच्या वतीने पायरीवर उभा राहिला आणि गरजला, "जोवर मिल्का उभी रवतली, तोवर ह्या वॉर्डात दुसरा नाव नाय, महाराजा!" अख्खी चाळ म्हणाली, होय महाराजा.

मिल्कानेही म्हटलं. ऐकून म्हटलं.

पुढे मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक बसला. वर्षामागून वर्ष गेलं. मिल्का पदावर नव्हती, तरी सकाळी गटारापाशी उभी असायचीच. मग आई गेली. दफन करून घरी आली तर घरात दोन कप विसळायची सवय आणि कप एकच. तिचा सख्खा भाऊ तिकडे इस्रायलमधल्या अशदोदहून रोज फोन करायचा, ये आता इकडे, कोण आहे तिथे? एका दुपारी तिने निळी बॅग काढली, चार साड्या, आईचा फोटो, सगळं भरलं. आणि नेमका रमाकांत धुरी भेटायला आला. तिने बॅग दाखवली आणि त्याच्यासमोर ढसाढसा रडली. भाऊ खाटेवर बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खुळी काय तू? मी असताना? वेतोबासमोर शब्द दिलाय ना मी?" तिने बॅग खाटेखाली सारली. रिकामी करायची राहिली, एवढंच.

आणि निवडणूक जाहीर झाल्यावर तिकीट श्रेयाला. शेवटच्या दिवशी. फोनसुद्धा नाही. मिल्काने गंगुबाईला सोबत घेऊन अपक्ष अर्ज भरला, निशाणी मिळाली कपबशी. त्यानंतरची ती चौकसभा आणि ती बॅग.

बॅग चिकटली, बघा. मिल्का घरोघर जाऊन हात जोडायची आणि लोक हसून विचारायचे, "ताई, फ्लाईट कधीची?" पोस्टरवर कोणीतरी तिच्या हातात खडूने बॅग काढून ठेवली. भाजीवाली म्हणाली, "तुमी जानार ना ताई? मग मत कशाला वाया घालवू?" वाईट हेतूने नाही म्हणाली, तेच जास्त लागलं. मिल्का घरी येऊन खाटेवर बसली. हरली तर काय, ते तिला लख्ख दिसत होतं. हरली तर तो खरा ठरणार. मग ह्या चाळीत कुठल्या तोंडाने राहायचं? खाटेखालची बॅग खरंच उचलावी लागणार, आणि ती उचलायला लावणारा रमाकांत धुरी खाली हार घालून घेत उभा असणार.

"तेच्या तोंडात शेण घालूक होया," गंगुबाई म्हणाली. तिला बोलताना हातवारे लागतात, त्यात तिने पाण्याचा तांब्या लवंडला. "मेल्यान देवाक फसवल्यान गो! देवाक! आणि लोक इसारले."

"लोक विसरले कारण लोकांनी ऐकलंच नव्हतं," मिल्का म्हणाली.

बोलता बोलता ती थांबली. पाणी पायाशी आलं तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, असा एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने करतात, मागणं असलं की. जेवायला घाडीमामांना बोलावलं. ऐंशी कधीच पार केलेला म्हातारा, पण मलिद्याला त्याने कधी नाही म्हटलं नव्हतं. ताटली संपत आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, उद्या गाऱ्हाणं आहे. भाऊने मोडलेला शब्द तुम्ही देवाला सांगाल?"

मामांनी बोटं चाटली. "नाय सांगूचंय. मी कोणाचा नाव घेणंय नाय. नाव घेवन गाऱ्हाणा घालूक तो काय पोलीस आसा?"

"नाव न घेता?"

"माझा गाऱ्हाणा सगळ्यांचा, बाय. आपला दुखणा आपल्या तोंडान सांगूचा आसता."

"माझ्या वतीने बोलायला पुरुष नाही मामा. तुमच्याकडे बायका बोलत नाहीत."

 म्हाताऱ्याने ताटली पुढे केली. "वायच वाढ. आणि माका सांग, वेतोबा काय फकत पुरुषांचो बापूस?"

त्या संध्याकाळी मिल्का घरात येरझाऱ्या घालत होती आणि ओठ हलत होते. आपण एका देवाला मानणारे, दुसऱ्याच्या देवाकडे काही मागायचं नाही, हे आईने घोटून घोटून शिकवलेलं. ती मागणार नव्हतीच. ती फक्त बोलणार होती. जे झालं ते, जसं झालं तसं. होय कोण म्हणतंय ते ज्याचं त्याने बघावं. तिला मुळीच भीती वाटत नव्हती. उलट तोंडाला चव आली होती.

सकाळी चौक भरला. प्रचाराचा शेवटचा दिवस. गॅलऱ्यांतून बायका लोंबकळत होत्या, मोबाईल वर झालेले. भाऊ पायरीवर सगळ्यांत पुढे, शेजारी श्रेया, डोक्यावर पदर. बिचारी चेहऱ्यानेच सांगत होती की मला घरी जाऊ द्या. आदल्या आठवड्यात ती जिन्यात मिल्काच्या पाया पडली होती, म्हणाली होती, "मावशी, मला नको होतं हो हे." मिल्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. भांडण तिच्याशी नव्हतंच.

भाऊचा मुलगा धनेश फोन धरून लाईव्ह करत होता. भाऊच्या एका कानात ते पांढरं बोंडूक, त्यातून मतदानाच्या तयारीचे फोन चालू. डोळे मिटलेले, हात जोडलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे. आणि दर वाक्याला होय महाराजा सर्वांत मोठ्याने त्याचंच. ते त्याचं वैशिष्ट्यच होतं. लोक म्हणायचे, भाऊचं होय महाराजा परळला ऐकू जातं.

घाडीमामांनी सुरुवात केली. मग भाऊने सुनेच्या वतीने घातलं, दणदणीत. बाकीचे दोघे उमेदवार झाले. धनेश फोन खाली घेणार तोच मिल्का पायरी चढली.

"ओ ताई," कोणीतरी म्हणालं, "बायकांनी नाही..."

"घालांदे तिका!" गॅलरीतून गंगुबाई ओरडली. घाडीमामांनी हात वर केला आणि चौक गप्प झाला. भाऊने एक डोळा किलकिला करून बघितलं, हसला, पुन्हा मिटला. बाई काय बोलणार, पाणी आणि गटार.

मिल्काने बोलायला सुरुवात केली आणि लोक चमकले. हुबेहूब घाडीमामांची लय. तसंच शेवटी ओढणं, तसाच श्वास.

"बा देवा वेतोबा, आज ही चाळीतली लेकरां तुझ्या पायरेर एकवटली हत, महाराजा!"

"होय महाराजा!"

"तेंच्या पोराबाळांक नोकरी गावांदे, नळाक पाणी येवांदे, महाराजा!"

"होय महाराजा!"

"म्हाताऱ्या माणसांचे पाय जिन्यार घट रवांदेत, महाराजा!"

"होय महाराजा!" चौकाने ताल धरला. तिने वेग वाढवला, जसा मामा वाढवतात, श्वासाला जागा न ठेवता.

"तुझ्या ह्याच पायरेर एकान तुका शब्द दिल्यान, महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि खुर्ची दिसल्यार तो शब्द गिळून टाकल्यान, महाराजा!"

"होय महाराजा!" आता गॅलरीतल्या दोन-चार बायकांचे हात तोंडावर गेले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान वर करून बघायला लागला.

"जिच्या डोक्यार हात ठेवल्यान, तिच्या घरातला दुखणा माईकार इकल्यान, महाराजा!"

"होय महाराजा..." आवाज अर्धा झाला. लोक ऐकायला लागले होते. एकेक तोंड बंद होत गेलं. श्रेयाने तर कधीपासूनच ओठ घट्ट मिटले होते. ती सासऱ्याच्या अगदी शेजारी उभी होती. तिने कोपराने नुसतं ढोसलं असतं तरी पुरे होतं. तिने ढोसलं नाही.

"देवाक आणि माणसाक फसवणाऱ्याच्या दारात ह्या येळाक गुलाल पडाक नको, महाराजा!"

आणि त्या गप्प चौकात, डोळे मिटून, छाती फुगवून, एकट्या रमाकांत धुरीचा आवाज घुमला.

"होय महाराजा!"

परळला ऐकू गेला असेल.

त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडेच बघत होते. "काय झालं?" त्याने धनेशला विचारलं. धनेश फोन बंद करायच्या गडबडीत भलतंच बटण दाबत होता. मग वरच्या मजल्यावरून एक पोरगी फिस्सकन हसली आणि तिच्यापाठोपाठ अख्खी चाळ. कठडे हलले. भाऊच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला, आणि ध्यानात आलं तेव्हा त्याने आधी बघितलं ते मिल्काकडे नाही, वेतोबाच्या चपलांकडे. चेहरा पांढराफटक पडला. मिल्काने तो चेहरा डोळे भरून बघून घेतला. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं तिला.

दुपारपर्यंत ते वॉर्डातल्या प्रत्येक फोनवर होतं. संध्याकाळी कोणालाही बॅग आठवत नव्हती. आठवत होता तो शब्द, जो चाळ इतकी वर्षं विसरून बसली होती. भाजीवाली स्वतःहून म्हणाली, "कपबशी ना ताई? ध्यानात हाय."

मिल्का निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. गुलाल उधळला तेव्हा तो भाऊच्या दारापर्यंत गेलाच नाही. त्याच्या दारात तर झाडलेली फरशी तशीच होती, आणि हे बघायला बायका मुद्दाम तिकडून गेल्या.

भाऊचं पुढे काय झालं? पक्षाने त्याला बैठकीला बोलावणं सोडलं. नाक्यावर उभा राहिला की कोणीतरी पाठीमागून हळूच म्हणायचं, होय महाराजा. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडलं. एरवी त्याने फरशीला शिव्या दिल्या असत्या. पण ह्यावेळी दिल्या नाहीत, कारण आतून तो टरकला होता. दुसऱ्याने घातलेलं गाऱ्हाणं उलटवता येतं. स्वतःच्या तोंडाने होय म्हटलेलं कसं उलटवणार? तो घाडीमामांकडे गेला. मामांनी सांगितलं, जेणा घातल्यान तेकाच इचार.

म्हणून एका सकाळी रमाकांत धुरी गळ्यात हात अडकवून मिल्काच्या दारात उभा राहिला. दुसऱ्या हातात नारळ. बाहेर गॅलरीत गंगुबाई तांदूळ निवडत बसली होती, तिचे हात थांबले.

"मिल्का," तो म्हणाला, "झालं गेलं ते सोड. तू ते उतरव."

"काय उतरवू?"

"गाऱ्हाणं. वेतोबासमोर परत बोल की ते मी मागे घेते."

मिल्काने त्याला बसायलाही सांगितलं नाही. "मी काय मागितलं होतं भाऊ? मी माझ्या देवाशिवाय कुणाकडे काही मागत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी नुसतं बोलले. होय तुम्ही म्हणालात."

"मला ऐकू आलं नव्हतं ग!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवाशपथ, मी ऐकलंच नव्हतं!"

"आई गेल्यावर मी तुमच्यासमोर रडले, तेव्हा ऐकू आलं होतं. ते बरं लक्षात राहिलं."

 थोरामोठ्यांना खिशात घालणारा माणूस, दारात पोरासारखा उभा. मिल्काला दया आली का? नाही आली. तिने स्वतःच्या मनात चाचपून बघितलं, खरंच नाही आली. आईचा फोटो त्या बॅगेत होता आणि हा माणूस त्याच बॅगेवरून माईकवर हशा घेऊन गेला होता.

"मग मी काय करू? तूच सांग," तो म्हणाला. "गावाला जाऊन कौल लावू का? तिकडच्या मूळ वेतोबाकडे?"

"जा," मिल्का म्हणाली. "थांबा जरा."

ती खाटेपाशी वाकली आणि निळी बॅग बाहेर ओढली. त्याच्या डोळ्यांसमोर चेन उघडली. साड्या काढून कपाटात ठेवल्या, एकेक, घडी सारखी करून. आईचा फोटो काढला, पदराने पुसला, भिंतीवर खिळा होता त्याला लावला. मग रिकामी बॅग उचलून त्याच्यापुढे धरली.

"ही घ्या. माझ्या उपयोगाची नाही आता. कपडे भरा आणि गावाला जा. तिथे तुमच्या तोंडाने सांगा त्याला, काय केलंत ते. सगळं सांगा, माईकवर सांगितलंत तसं मोठ्याने."

"मिल्का, लोक बघतील..."

"बघू दे की. उतरायला हवंय ना?"

घेऊ नये एवढी अक्कल त्याला होती. पण जिला दुखवलं तिच्या हातचं नाकारलं तर अजून काय होईल, ही भीती अक्कलेपेक्षा मोठी होती. त्याने नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि बऱ्या हाताने बॅग घेतली.

मिल्का गॅलरीत येऊन उभी राहिली. साटम चाळीचा जिना उतरून चौकातून, वेतोबासमोरून रस्त्याला लागेपर्यंत माणूस सगळ्या मजल्यांवरून दिसतो. तांदळाचं सूप बाजूला ठेवून गंगुबाई उठली, कठड्यावर रेलली आणि आपल्या सगळ्या ताकदीने ओरडली.

"काय रे रमाकांता! बॅग भरलंस? गावाक चाललंस?"

भाऊ थबकला. वर बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने तोंड उघडायच्या आत तिन्ही मजले एकदम बोलले.

"होय महाराजा!"

मिल्काने ते पूर्ण ऐकलं, शेवटचा आवाज विरेपर्यंत. मग बापासारखी, सगळ्यांच्या मागून, एकटीच, मोठ्याने म्हणाली,

"आमेन."